बंपरची डावी बाजू

रोह्याच्या बाजारात एखादी गाडी उभी दिसली की मी आधी तिचा बंपर बघते. लोक गाडीचा रंग बघतात, आत कोण बसलंय ते बघतात. मी वाकून बंपर बघते, आणि तो काळ्या, दाणेदार प्लॅस्टिकचा असेल तर जरा जास्तच वेळ बघते. कुठे पांढुरका डाग दिसला की मला कळतं, इथे कुणीतरी घाईनं थिनर मारलाय. यजमान एकदा वैतागून म्हणाले, "अगं, लोकांना वाटेल ही बाई गाडी पळवायला आलीये." वाटू दे. या वयात लोकांना काय वाटेल याची मी काळजी करत नाही, आणि ज्या वयात केली त्या वयात तिचा काही उपयोग झाला नाही.

माझं माहेर पेणचं आणि घर म्हणजे गणपतीचा कारखाना. बाहेरच्या माणसाला कारखाना म्हटलं की धुरांडं आठवतं. आमच्याकडे पडवीत कच्च्या मूर्ती, माजघरात अर्ध्या रंगवलेल्या, आतल्या खोलीत पुऱ्या झालेल्या, आणि त्यांच्या मधून मधून आम्ही. आषाढ लागला की झोपायला जागा उरायची नाही. पाय लांब केला की कुणा ना कुणा गणपतीच्या उंदराला लागायचा आणि मग उठून नमस्कार करायचा. आईची चूल मागच्या पडवीत होती. श्रावणात तिच्याकडे रोजचं एक काम ठरलेलं, वालाचं बिरडं. भिजवून मोड काढलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा नखानं सोलायचा, दाणा मोडता कामा नये. मी ते लहानपणापासून करत आले. आई म्हणायची, "साल वडायची नाय गो, तिला सुटू द्यायची." हातावरचा तेलरंग काढायचीही तिची तीच तऱ्हा. पुरुष रॉकेलनं हात धूत, मग हात भेगाळत. आम्हा बायकांना आई वाटीत कोमट खोबरेल द्यायची. तेल चोळायचं, थोडं थांबायचं, मग मऊ फडक्यानं पुसायचं. रंग आपसूक निघून यायचा.

आधी आमच्या कारखान्यात आवाज असा नव्हताच. कुंचला फिरतो त्याला आवाज नसतो. कुणी गुणगुणायचं, माझे वडील, आबा, मधूनच "पाणी दे गो" म्हणायचे, बाहेरून एसटीचा हॉर्न यायचा, इतकंच. मग दिगूदादानं कंप्रेसर आणला. दादा माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. खाडीकडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी रंग फवारायची गन चालवायचा. कंप्रेसर सुरू झाला की भिंती थरथरायच्या आणि आई चुलीपुढून ओरडून बोलायची. पण काम झपाट्यानं व्हायचं हे खरं. ज्या मूर्तीच्या अंगाला आबांना अर्धा दिवस लागायचा तिला दादा दहा मिनिटांत रंग मारायचा. रंग मारून झाला की गनच्या तोंडात थिनर घालायचा आणि फुर्रकन उडवून ती साफ करायचा. थिनरवर त्याचा फार जीव. काहीही मळलं की थिनर.

गन सगळं करते, डोळे करत नाही. डोळ्यांची आखणी हातानंच करावी लागते आणि ती घरातला मुख्य कारागीर करतो. आमच्याकडे ती आबांची. गिऱ्हाईक दाराशी आलं की आबा पडवीतल्या पाटावर बसलेले दिसायचे, मांडीवर मूर्ती, हातात बारीक ब्रश. पण या बंपरच्या गोष्टीच्या आधी तीन वर्षं आबांचा हात कापायला लागला होता. बुबुळ काढताना रेघ हलली की देवाची मुद्राच बदलते, कधी चिडका दिसतो, कधी झोपाळू. म्हणून तीन वर्षं आखणी मी करत होते. आतल्या खोलीत, पडदा ओढून. आबा बाहेर पाटावर बसायचे, हातात कोरडा ब्रश घेऊन. लोक म्हणायचे, आबांच्या डोळ्यांना अजून तोड नाही. आबा हसायचे. मीही पडद्याआड हसायचे, तेव्हा मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, खोटं कशाला सांगू? कारण आबांनी मला शब्द दिला होता. त्या वर्षी आषाढातच ते म्हणाले होते, "सुले, यंदा पाटावर तू बस. कळू दे लोकांना." मी तो पाट दोनदा घासून धुतला, उन्हात वाळवला आणि भिंतीला टेकवून ठेवला. बाविशी ओलांडलेल्या मुलीनं पाट धुऊन वाट बघावी ती कशाची, तर आमच्या आळीत लग्नाची. मी पडवीत बसायची वाट बघत होते.

त्या श्रावणात आठवडाभर पाऊस हटला नव्हता. रंग वाळेना, मूर्ती हाताला चिकटायच्या. मग एका रविवारी लख्ख उघडीप पडली. सगळ्या पेणनं मूर्ती बाहेर काढल्या असतील त्या दिवशी. दादानंही गन अंगणातल्या मांडवात आणली. तेवढ्यात एक पांढरी गाडी अंगणात शिरली. दादाच्या कंपनीतले साहेब आणि त्यांची बायको, मूर्ती ठरवायला आले होते. दादाची धांदल बघण्यासारखी होती. त्यांच्या खात्यात दोन-तीन ठेक्यावरची माणसं कायम होणार होती आणि त्यात आपलं नाव यावं म्हणून तो गेलं वर्षभर झुरत होता. आई त्याच्यासाठी सोमवार धरत होती. कायम झाला तर त्याचं लग्न, घरावर पत्रे, आबांना आराम, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं.

बाईंनी आतल्या खोलीतली एक मूर्ती पसंत केली, बैठी, लालसर सोवळ्याची. "डोळे बघा हो याचे," त्या साहेबांना म्हणाल्या, "कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच बघतोय." मी दारात ट्रे घेऊन उभी होते. आबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला इतका आनंद झाला की ट्रेमधला चहा बशीत सांडला. मग त्यांना बाजारातून पोह्याचे पापड न्यायचे होते आणि एका नातेवाइकांकडे जेवायचं होतं. गल्ल्या अरुंद, म्हणून गाडी आमच्याच अंगणात ठेवून ते चालत गेले. "चार वाजता येतो," साहेब म्हणाले. ते गेल्यावर आबांनी दादाला बजावलं, "दिगू, गन मागल्या दारी ने. वारा फिरला तर गाडीवर जाईल." दादा "व्हय व्हय" म्हणाला. पण मागच्या दारापर्यंत नळी पोचत नव्हती, आणि सगळी जुळवाजुळव परत करायचा त्याला कंटाळा आला. त्यानं गन तिथेच सुरू केली.

दुपारच्या जेवणानंतर वारा खाडीकडून फिरला. मी मागे वाल सोलत बसले होते, तेव्हा दादाची हाक आली. अशी हाक मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. जाऊन बघते तर गाडीचं सगळं तोंड गणपतीच्या अंगाच्या गुलाबी रंगानं भुरभुरलेलं. पत्र्यावरचा रंग त्यानं रॉकेलच्या ओल्या फडक्यानं पुसला, तो निघालाही. काचाही निघाल्या. अडला तो बंपर. जाड काळं प्लॅस्टिक, वर बारीक दाणे, आणि प्रत्येक दाण्याच्या फटीत गुलाबी कण बसलेला. फडकं फिरवलं की वरचा जायचा आणि फटीतला अजून उठून दिसायचा.

"आता रं?" आबा म्हणाले.

मी म्हटलं, "थांबा. घासू नका." आत जाऊन खोबरेल कोमट केलं, आबांचं जुनं धोतर फाडून फडकी केली आणि बंपरसमोर पाटच मांडला, तोच धुतलेला पाट. डावीकडून सुरुवात केली. वीतभर जागेला तेल चोळायचं, पन्नास मोजायचे, मग नखाभोवती फडकं गुंडाळून दाण्यादाण्यांतून रंग उचलायचा. रंग अजून पुरता वाळला नव्हता. तो सुटत होता. फडक्यावर गुलाबी आणि खाली काळंभोर, जसं दुकानातून आणलं तसं. मला त्या कामात अक्षरशः गोडी लागली. हे लिहिताना मला आज चमत्कारिक वाटतं, पण त्या दुपारी तासभर मी फार सुखात होते. दादा माझ्यामागे फेऱ्या मारत होता.

"अगो कवा व्हायचं हे? तीन वाजत आले!"

"अर्धं झालं. तू पलीकडून तेल लावून ठेव, मी येते मागोमाग."

"तेलानं काय व्हतंय! बाईमाणसाचे चाळे सगळे."

मी मान वर केली तोवर त्यानं गन धुवायचा डबा उचलला होता. "दादा नको!" मी ओरडले. त्यानं फडकं थिनरमध्ये बुचकळलं आणि उजव्या अर्ध्यावर खसाखसा फिरवलं. पहिल्या हाताला रंग गेला, त्याचा चेहरा उजळला. दुसऱ्या हाताला काळा गेला. मग जसजसं ते वाळत गेलं तसतसा तो अर्धा भाग पांढुरका होत गेला, वर गुलाबी ओघळ वितळून कायमचे बसले, दाणे चिकट झाले. त्यात त्याच्या फडक्याचे धागे अडकले. तो उभा होता, डबा हातात, तोंड उघडं. मी तेल लावून बघितलं. तेल लावलं की क्षणभर काळं दिसायचं, पुसलं की परत पांढरं. प्लॅस्टिकच विरघळलं होतं, त्यावर काय उपाय करणार!

साहेब चारला दहा कमी असतानाच आले. हातात पापडांचा पुडा. ते गाडीसमोर उकिडवे बसले. चिडले नाहीत, ते मला अजून आठवतं. त्यांनी पांढऱ्या भागावरून बोट फिरवलं. "हे काय झालं, काका?"

आबांनी वाऱ्याचं सांगितलं, रंगाचं सांगितलं. "तेवढं कळलं," साहेब म्हणाले, "पण हे पांढरं?"

आबांनी दादाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांची नजर ओळखत होते, कुठल्या मूर्तीला कुठला रंग द्यायचा हे ठरवताना ते असेच बघायचे.

"पोरगी, साहेब," आबा म्हणाले. "न विचारता थिनर लावला तिनं. येडी हाय जरा."

माझे हात तेलानं माखलेले. ते मी का कोण जाणे पाठीमागे लपवले. आजही मी रोज त्या मुलीला सांगते, पुढे कर गं हात, नाकाशी धर त्यांच्या. पण ती पुढे करत नाही.

साहेब सरकून डावीकडे आले. "आणि ही बाजू? ही तर नवीन दिसतेय. इथे रंग नव्हता उडाला?"

"उडाला व्हता की," आबा म्हणाले. "ती दिगूनं साफ केली."

पहिलं खोटं मी समजू शकते. मी हे शपथेवर सांगते. नोकरी जाईल या धास्तीनं बाप मुलाची चूक मुलीच्या माथी मारतो, चोर सोडून संन्याशाला फाशी, घरोघरी होतं. पण दुसऱ्या खोट्याची गरज नव्हती. ती बाजू कुणाचीच नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.

"शाब्बास!" साहेब दादाला म्हणाले. "काय लावलंस?"

दादाला नेमकं सांगता येईना. म्हणजे बघितलं होतं, पण बघून न बघितल्यासारखं. त्याची नजर खाली गेली, माझ्या पायाशी वाटी होती. "तेल, साहेब," तो म्हणाला. "खोबरेल. जरा दम धरून करावं लागतं."

जरा दम धरून. माझ्या कानात ते शब्द अजून त्याच्याच आवाजात आहेत.

साहेबांनी मान डोलावली. असा धीराचा हात आपल्याला रंगाच्या कामावर हवाच आहे, असं काहीतरी ते म्हणाले. आई मागच्या दारात येऊन उभी होती, तिनं हात जोडले. सगळं छान झालं होतं. मग बाई माझ्याकडे बघत आबांना म्हणाल्या, "काका, आमच्या मूर्तीला नाही ना ही हात लावत?"

"छ्या!" आबा म्हणाले. "हिला आमी मूर्तीजवळ बसवतच नाय. ही आपली चुलीपाशी."

गाडी गेली. अंगणात पाट तसाच पडला होता, तेलाचे डाग पडलेला. आईनं तो उचलला आणि मला आत नेलं. माझ्या हातावरचं तेल तिनं माझ्याच केसांना पुसलं, वाया जाऊ नये म्हणून. "रडू नको," ती म्हणाली. "त्याच्या पोटाचा परश्न हाय गो. तुझं काय, तुला आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जायाचंच हाय." मी वाट बघत होते की ती एकदा तरी म्हणेल, आबांचं चुकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती काय म्हणणार! तिनं वालाचं पातेलं पुढे सरकवलं आणि आम्ही दोघी सोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी आबांनी आतल्या खोलीत मूर्ती आणून ठेवल्या. पडदा लावला, ब्रश पुढे केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा आतच बस. साहेबांची वळखीची लोकं येतील आता. पुढल्या वर्षी बघू."

"मला मूर्तीजवळ बसवत नाय ना तुमी?" मी म्हटलं.

आबांनी ब्रश तसाच पुढे धरून ठेवला. मी ब्रश घेतला नाही. ना त्या दिवशी, ना त्यानंतर. आईनं विनवलं, दादानं आरडाओरडा केला, मी चुलीपाशी बसून राहिले. त्या वर्षीचे डोळे आबांनी काढले. थरथरत्या हातानं, पाटावर बसून, सगळ्यांसमोर. मी पडद्याच्या फटीतून बघायचे. गिऱ्हाइकं मूर्ती वळवून बघायची आणि काही न बोलता दुसरी मागायची. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आबा, यंदा देव रुसलाय का?" आबा म्हणाले, "वय झालं." मला तेव्हा बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं होतं, ते खोडून काय करू.

दादा दिवाळीआधी कायम झाला. पुढल्या मे महिन्यात माझं लग्न झालं आणि मी रोह्याला, अष्टमी भागात आले. यजमान शाळेत कारकून, माणूस चांगला. लग्नानंतर पहिल्या श्रावणात मी इथे ब्रश विकत आणला, बारीक नंबरचा, आणि तो अजून पुडक्यातच आहे. आबा गेले तेव्हा मी पेणला होते. शेवटचे दोन दिवस ते माझा हात धरून होते, बोटं चाचपत होते. मी वाट बघितली. ते काही बोलले नाहीत.

आणि ती गोष्ट मात्र मोठी होत गेली. दादाच्या घरी चार माणसं जमली की ती निघायचीच. एका बंपरवर नोकरी कशी लागली! अर्धा यानं तेल लावून चकचकीत केला आणि अर्धा सुलीनं थिनर मारून नासवला. पोरं हसून लोळायची. "आत्याच्या हातात थिनर देऊ नका रे," हा घरातला विनोद झाला. बारशाला, साखरपुड्याला, माझ्या हातात साधी बाटली दिसली तरी कुणीतरी ते म्हणायचंच. मीही हसायचे. दादाकडे बघून हसायचे. पहिली काही वर्षं तो नजर चुकवायचा. पुढे तोही मोकळेपणी हसायला लागला. बहुधा त्याला ते खरंच वाटू लागलं असावं.

परवाच्या श्रावणात त्याचा फोन आला. दादा आता निवृत्त आहे, कारखाना त्याचा मुलगा समीर बघतो, दोन कंप्रेसर आहेत. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो घुटमळला.

"सुले, समीरच्या नव्या गाडीवर रंग उडालाय गो. काळ्या प्लॅस्टिकवर." मग म्हणाला, "तू तवा नेमकं कसं केलं व्हतंस?"

मी विचारलं, "कधी?"

"तेच गो. साहेबांच्या गाडीला."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पुढे काही येईल म्हणून थांबले. पलीकडून कंप्रेसरचा आवाज येत होता. "हॅलो? ऐकू येतंय ना?" तो म्हणाला.

क्षणभर जिभेवर आलं होतं, थिनर लाव म्हणून. पण मी सगळं सांगितलं. तेल कोमट, वीतभर जागा, पन्नास मोज, नखाला फडकं, ओढू नको, सुटू दे. तो लिहून घेत होता. शेवटी मी म्हटलं, "दादा, गणपतीत सगळी येतील. एकदा सांग त्यांना, कुठली बाजू कुणी केली."

"बघू गो," तो म्हणाला. "आता कशाला जुनं उकरायचं." आणि मग, जरा हसत, "बरं, ठेवतो."

गणपतीला मी पेणला गेले. गाडी अंगणात उभी होती, जिथे ती पांढरी उभी होती तिथेच. समीर मला हाताला धरून घेऊन गेला. "आत्या, बघ. सगळा रंग उडाला होता, पप्पांनी दोन दिवस बसून काढला. खोबरेलानं! म्हणे जुना हात आहे." मागून त्याच्या बायकोनं हसत जोडलं, "आत्यांना लांब ठेवा हं गाडीपासून." सगळे हसले. दादा ओट्यावर प्रसादाचं ताट घेऊन उभा होता, त्यानं ऐकलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो पुढे आला आणि माझ्या तळहातावर मोदक ठेवला. त्याच्या बोटांची नखं घासून घासून झिजली होती, त्यांना तेलाचा वास होता. या वेळी त्यानं खरंच केलं होतं. या गाडीपुरतं तरी कुणी खोटं बोलत नव्हतं, आणि मला म्हणायला काही उरलं नव्हतं.

मी मोदक खाल्ला. मग सवयीनं गाडीपुढे वाकले आणि बंपर बघितला. काम चांगलं होतं. फक्त नंबरपाटीच्या खाचेत, डाव्या कोपऱ्यात, गुलाबी रंगाचे तीन कण राहून गेले होते. दुसऱ्या कुणाला दिसले नसते. बघता बघता माझं नख तिथवर गेलं.

मी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि आत गेले.